मुलगा म्युनिकला, पासपोर्टवर पत्ता पुण्याचा. त्याचं नाव इंदूरच्या मतदार यादीत राहील का?

माळव्याची लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामा नगरात राहते. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२५ च्या ४ तारखेपासून मतदार यादीचं एसआयआर सुरू झालं, म्हणजे घरोघरी जाऊन यादी नव्याने तपासणं. परवा आमच्याकडे बीएलओ मॅडम आल्या, म्हणजे आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या. शासकीय शाळेतल्या शिक्षिका आहेत, दिवसभर फिरून दमलेल्या. त्यांनी दिवाणावर चार गणना पत्रकं ठेवली, नावं आधीच छापलेली. एक माझं, एक यांचं, एक सासूबाईंचं आणि एक मुलाचं. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या पत्रकाचं काय करायचं ते मला कळत होतं. मृत्यूचा दाखला फाइलमध्ये होता, तो दाखवला, मॅडमनी नोंद करून घेतली. मुलाचं पत्रक मात्र तसंच पडून आहे.

मुलगा फेब्रुवारी २०१८ पासून म्युनिकला नोकरीला आहे. पासपोर्ट भारताचाच, नागरिकत्व बदललेलं नाही आणि बदलायचा विचारही नाही. त्याचं मतदार कार्ड कॉलेजात असताना काढलेलं, ते माझ्याकडे गोदरेजच्या कपाटात आहे. २०२३ च्या दिवाळीला तो आला होता. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि विधानसभेचं मतदान १७ ला. त्याने सुट्टी चार दिवसांनी वाढवली आणि आम्ही तिघं सकाळी सात वाजता रांगेत होतो. मत देऊन आल्यावर छप्पन दुकानला पोहे-जिलेबी खाल्ली. शाई दाखवली की पैसे घेत नव्हते त्या दिवशी. तो दिवस मला फार प्रिय आहे, म्हणून सांगितलं.

आता शेजारचे म्हणतात, "काकू, पत्रकावर तुम्हीच सही करा ना, घरातल्या कुणाचीही चालते. तो इथेच राहतो म्हणून टाका, कोण बघायला येतंय म्युनिकला?" सही घरातल्या मोठ्या माणसाची चालते हे खरं, मॅडमनीही तेच सांगितलं. पण माझी सही म्हणजे "हा इथे राहतो" असं मी म्हणणं. चौतीस वर्षं काउंटरच्या मागे बसले, ज्याची खात्री नाही त्या कागदावर सही केली नाही. आता घरच्याच कागदावर कशी करू?

आणि सही केली नाही तर नाव जाईल, ही धास्ती. कुणीतरी सांगितलं की परदेशातल्यांसाठी वेगळा फॉर्म आहे, पण त्यात पासपोर्टवरचा पत्ता लागतो. मुलाचा पासपोर्ट २०१६ मध्ये पुण्यात निघाला, पत्ता हिंजवडीतल्या भाड्याच्या फ्लॅटचा. त्या फ्लॅटशी आमचा आता काडीचाही संबंध नाही. सूनबाईचा पासपोर्ट लग्नाआधीचा, पत्ता बडोद्याला दांडिया बाजारातल्या माहेरचा. म्हणजे संसार एक आणि गावं तीन.

तर माझे प्रश्न असे. त्याचं नाव इंदूरला ठेवण्याचा सरळ मार्ग आहे का? गणना पत्रकाचं मी काय करू? तो म्युनिकमधून, वकिलातीत जाऊन किंवा टपालाने मत देऊ शकतो का? आणि २०२३ ला त्याने जे मत दिलं ते चुकीचं होतं का? या शेवटच्या प्रश्नाने दोन रात्री नीट झोप नाही.

---

टेकडीपलीकडचा (पुणे)

वकिलातीत मतदान होतं की! आणि प्रॉक्सीचा कायदाही झाला, तुम्ही त्याच्या वतीने मत देऊ शकता. २०१८ ला पेपरात आलं होतं, मी स्वतः वाचलंय.

---

निवृत्त नायब (ग्वाल्हेर)

ताई, मी तहसीलमधून निवृत्त झालो. निवडणुकीच्या कामात बरीच वर्षं गेली, फॉर्म हाताळले, यादीवरच्या हरकती ऐकल्या. माझ्या माहितीप्रमाणे क्रमाने सांगतो. वरच्या उत्तराबद्दल नंतर लिहितो. ते बरोबर नाही, तेवढं आधी ध्यानात घ्या.

तुमच्या मुलासारख्यांसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ घातलं गेलं. दुरुस्ती २०१० ची, लागू झाली १० फेब्रुवारी २०११ पासून. त्याआधी परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाला यादीत जागाच नव्हती. तो इथे सामान्यतः राहत नाही, म्हणून नाव कापलं जायचं. कापणारा कर्मचारी नियमानेच वागत असे, पण भारताचा पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाला मताविना राहावं लागे. या कलमाने त्याला जागा मिळाली. नोकरी, शिक्षण किंवा आणखी कशासाठी परदेशात असलेला, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय आपल्या पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. त्याला म्हणतात प्रवासी मतदार. फॉर्म ६-अ. तुमच्याकडच्या हिंदी कागदावर तो "प्ररूप ६क" असा दिसेल, ६ नंतरचं अक्षर पाहून गोंधळू नका.

तुमची खरी अडचण पत्त्याचीच आहे, आणि तुम्ही ती बरोबर ओळखलीत. कायदा "पासपोर्टमध्ये नमूद केलेला पत्ता" म्हणतो. आईवडिलांचा पत्ता, वडिलोपार्जित घराचा पत्ता, असं तो म्हणत नाही. आजच्या पासपोर्टवर मुलाने ६-अ भरला तर तो पुण्याच्या अधिकाऱ्याकडे जाईल, तिथला बीएलओ हिंजवडीच्या त्या फ्लॅटवर जाईल आणि तिथे दुसराच भाडेकरू दार उघडेल. म्हणून इंदूरच हवं असेल तर आधी पासपोर्टवर इंदूर यायला हवं. २०१६ चा पासपोर्ट म्हणता, म्हणजे दहा वर्षांची मुदत संपत आलीच आहे. नूतनीकरण वाणिज्य दूतावासातच होईल. त्या अर्जात भारतातला पत्ता म्हणून सुदामा नगरचं घर लिहायचं. घाईत म्युनिकचा पत्ता छापून घेऊ नका. पुष्कळ लोक तसं करतात, मग त्या पासपोर्टवर भारतातला पत्ताच नसतो आणि ६-अ अडतो. पोलीस पडताळणीसाठी कुणी आलं तर तुम्ही घरी असा.

आता गणना पत्रक. माझं मत स्पष्ट आहे. "इथेच राहतो" असं लिहून सही करू नका. यादीच्या कामात जाणूनबुजून खोटं लेखी निवेदन दिलं तर त्याच कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मॅडमना तोंडी आणि पत्रकावर सरळ सांगा की तो नोकरीसाठी परदेशी आहे. नाव बहुधा स्थलांतरितांत जाईल आणि कच्च्या यादीत दिसणार नाही. ते दिसलं नाही म्हणून घाबरू नका. पासपोर्ट आला की ६-अ भरायचा. मधले काही महिने तो कुठल्याच यादीत नसेल हे खरं, पण मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान आता २०२८ च्या अखेरीस आणि लोकसभेचं २०२९ ला. या मोकळ्या काळात खरं करून घ्या.

२०२३ च्या मताबद्दल. झोप घालवू नका. नाव यादीत होतं, तो भारताचा नागरिक होता, ज्याचं नाव यादीत आहे त्याला मत देता येतं, हे १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ आहे. त्याने कुणाचं मत चोरलं नाही, दोन ठिकाणी दिलं नाही. नाव चुकीच्या रकान्यात राहून गेलं होतं, ते आता योग्य रकान्यात न्यायचं.

---

दोहाहून (मूळ बडोदा)

काकू, नायबसाहेबांनी सांगितलं ते अगदी तसंच आहे. मी त्यातून गेलोय म्हणून अनुभव लिहितो.

मी २०१९ नंतर ६-अ भरला. पासपोर्टवर बडोद्याचा पत्ता आहे, पण वडील वारल्यावर ते घर आम्ही विकलं. बीएलओ गेले, नव्या मालकांनी "इथे या नावाचं कुणी नाही" म्हटलं, अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्यांदा आत्याच्या घराचा पत्ता पासपोर्टवर घालून घेतला आणि मग भरला. या वेळी बीएलओ आले तेव्हा आत्या घरी होती, तिने माझ्या कागदांच्या प्रती बघून "हा माझा भाचा" म्हणून लिहून दिलं. नातेवाईक नसतील किंवा लिहून द्यायला तयार नसतील तर कागद इथल्या दूतावासाकडे पडताळणीला पाठवतात असा नियम आहे, पण मला कुणी ते पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. घरी माणूस असणं ही सगळ्यात मोठी सोय आहे, आणि ती तुमच्या मुलाकडे आहे.

फॉर्मसोबत एक फोटो आणि पासपोर्टच्या तीन पानांच्या प्रती लागतात: फोटोचं पान, भारतातला पत्ता असलेलं पान आणि चालू व्हिसाचं पान. प्रत्येकीवर स्वतःची सही. मी पहिल्यांदा व्हिसाचं पान जोडलंच नव्हतं. ऑनलाइन निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर भरता येतो. खातं उघडताना परदेशस्थ मतदारांचा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. टपालानेही चालतो. विधानसभा निवडताना लक्ष द्या. इंदूर शहरासाठी १ ते ५ आणि राऊ असे सगळे समोर येतील. तुमच्या स्वतःच्या कार्डावर जो क्रमांक असेल तोच निवडायला सांगा, अंदाजाने नको.

आणि एक. नाव लागलं तरी कार्ड मिळणार नाही. प्रवासी मतदाराला मतदार कार्ड देत नाहीत. त्याचं नाव भागाच्या यादीच्या शेवटी वेगळ्या विभागात येतं आणि मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. जुनं कार्ड असेल तर ते जमा करायचं.

मी नाव लावलं. मत दिलं नाही. बडोद्याचं मतदान ७ मे २०२४ ला, मंगळवारी होतं. मला दोनच दिवस रजा मिळत होती, तिकीट त्या आठवड्यात माझ्या अर्ध्या पगाराएवढं झालं होतं. माझ्या साइटवरचे मलयाळी सहकारी मात्र गेले. केरळचं मतदान २६ एप्रिलला, शुक्रवारी. आमची सुट्टीच शुक्रवारची. त्यांनी महिनाभर आधी गटाने तिकिटं काढली होती. तीन दिवसांनी परत आले, बोटावर शाई. त्या शाईकडे बघून मला स्वतःची लाज वाटली होती, हे इथे पहिल्यांदाच सांगतोय.

---

माळव्याची लेक

नायबसाहेब, दोहाहून, तुमचे दोघांचे किती आभार मानू! २०२३ बद्दलचं वाचून यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आज मॅडमना फोन केला आणि पत्रकावर "नोकरीसाठी जर्मनीत" असं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "आंटी, बाकी लोग तो बस साइन कर देते हैं." मी म्हटलं, "मैं नहीं कर पाऊँगी." त्यांनी पत्रक घेतलं आणि चहा घेऊन गेल्या. कच्च्या यादीत त्याचं नाव नसेल हे आता मनाने मान्य केलंय, तरी त्याचं नाव माझ्याच हाताने घालवल्यासारखं वाटलं. आईच्या मनाला नियम कळतो, पण वेळ लागतो.

मुलाशी बोलले. तो म्हणाला, आई, तू बरोबर केलंस. मग त्याने त्याच्या ऑफिसातली गोष्ट सांगितली. त्याच्या शेजारच्या टेबलावर एक फ्रेंच मुलगी बसते. फ्रान्सच्या संसदेत परदेशात राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांचे स्वतःचे अकरा प्रतिनिधी असतात, म्हणजे जर्मनीत राहणारी ही मुलगी आपल्यासारख्यांसाठीच खासदार निवडते. आमच्या मुलाने म्हटलं, मला वेगळा खासदार नको, मला इंदूरचाच निवडायचा आहे, फक्त तिकीट न काढता.

म्हणून पुन्हा विचारते. सीमेवरच्या जवानांना टपालाने मत देता येतं हे मला माहीत आहे, माझा चुलत दीर सैन्यात होता. मग माझ्या मुलाला का नाही? त्याने इथलं काय सोडलंय? दर महिन्याला घरी पैसे येतात, सासूबाईंच्या आजारपणाचा निम्मा खर्च त्याने केला, इंदूरच्या नळाला पाणी किती वेळ येतं ते त्याला माझ्याआधी कळतं. माझी ही तक्रार कुणा एका माणसावर नाही. पण हक्क दिला आणि वापरायला साडेसहा हजार किलोमीटर यायला सांगितलं, हे मला पटत नाही. आणि वरती प्रॉक्सीबद्दल लिहिलंय त्याचं काय?

---

निवृत्त नायब

ताई, तुम्हाला पटत नाही तेच पुष्कळांना पटत नाही, आणि त्यावर दहा वर्षांहून अधिक काळ घोळ चालू आहे.

टपाली मत आज मिळतं ते "सेवा मतदारांना": सैन्य, निमलष्करी दलं, आणि परदेशात नेमणुकीवर असलेले सरकारी नोकर, म्हणजे दूतावासातले आपले कर्मचारीही. २०१६ पासून त्यांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतात. ते ती छापतात, खूण करतात आणि टपालाने परत पाठवतात. सैन्यातल्यांना प्रॉक्सीचीही सोय आहे, ती २००३ पासून. वकिलातीत मतदान होतं हा समज मला वाटतं यातूनच झाला असावा. दूतावासातला कर्मचारी मत देतो, पण तो सेवा मतदार म्हणून. बाहेरून आलेल्या नागरिकासाठी तिथे मतपेटी नसते.

बाकीच्या प्रवासी मतदारांसाठी काय झालं ते असं. सर्वोच्च न्यायालयात याचिका आल्या. २०१४ मध्ये आयोगाच्या समितीने दोन मार्ग सुचवले: ई-टपाली मतपत्रिका आणि प्रॉक्सी. सरकारने प्रॉक्सीचं विधेयक आणलं. लोकसभेने ते ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं. टेकडीपलीकडच्या भाऊंनी पेपरात वाचलं ते हेच, त्यांचं वाचन खोटं नाही. पण राज्यसभेत ते मंजूर होण्याआधीच सोळाव्या लोकसभेची मुदत २०१९ मध्ये संपली आणि विधेयक बाद झालं. कायदा कधी झालाच नाही. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने कायदा मंत्रालयाला कळवलं की सेवा मतदारांसारखी ई-टपाली सोय प्रवासी मतदारांना द्यायला आम्ही तयार आहोत. तेही अजून प्रत्यक्षात आलेलं नाही.

प्रॉक्सीबद्दल माझं वैयक्तिक मत विचाराल तर मला ते नको होतं. मी केंद्रांवर पाहिलंय, घरातल्या बायकांचं मत कुणाला जावं हे दाराबाहेर उभा असलेला पुरुष ठरवतो. मुलाचं मत आईने द्यायचं, तर मग ते गुप्त कसं राहणार, आणि ते त्याचंच आहे याची खात्री कोण देणार? तुमच्यासारख्या आईवर माझा विश्वास आहे, पण नियम तुमच्यापुरता नसतो. ई-टपाली मार्ग मला जास्त योग्य वाटतो. त्यात अडचण आहे ती कागद वेळेत परत पोहोचण्याची आणि तिकडे त्याच्या सहीची खात्री करण्याची. पण जवानांसाठी जे जमलं ते इथे जमणार नाही असं मला वाटत नाही.

आकडे सांगतो, त्यावरून तुम्हाला कळेल. २०२४ च्या लोकसभेला देशभरात प्रवासी मतदार म्हणून १ लाख १९ हजारांवर नावं होती. मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. म्हणजे बाकी सगळा देश मिळून तीनशेच्या आत. दोहाहूनच्या मलयाळी मित्रांचा हिशोब यात बसतो. आपल्याकडचे लोक नाव लावत नाहीत आणि नाव लावणारे येऊ शकत नाहीत.

---

टेकडीपलीकडचा

माझी चूक झाली, नायबसाहेब. मी बातमी वाचली आणि पुढे काय झालं ते बघितलंच नाही. माझा भाऊ शिकागोत आहे, त्यालाही मी हेच सांगून बसलो होतो. आज फोन करून सुधारतो. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्याचं काय?

---

निवृत्त नायब

ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचा आहे तोवर ६-अ भरता येतो. तिथली नागरिकत्वाची शपथ घेतली की आपलं नागरिकत्व जातं आणि मताचा हक्कही जातो. तेव्हा अधिकाऱ्याला कळवून नाव काढून घ्यायचं. फॉर्मवर तसं वचनच लिहून द्यावं लागतं.

---

मांडवीवाली (बडोदा)

माळव्याची लेक, तुमच्या सूनबाईसाठी लिहिते. माझ्या बहिणीकडे ओसीआय आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड, दर हिवाळ्यात बडोद्याला येते, दोन महिने राहते, तिला ते कार्ड म्हणजे नागरिकत्वच वाटायचं. मतदार यादीत नाव घालायला निघाली तेव्हा मीच थांबवलं. ओसीआयला मत नाही. सूनबाईचा पासपोर्ट भारताचा आहे, तर तिचा प्रश्न फक्त गावाचा. ती दांडिया बाजारच्या पत्त्यावर ६-अ भरू शकते, माहेरी आईवडील असतील तर बीएलओला सांगायला माणसं आहेतच. पण विचार करा, गुजरातचं मतदान ७ मे आणि इंदूरचं १३ मे, दोघं एकत्र आले तरी एकाला सहा दिवस थांबावं लागलं असतं. लहान मूल असेल तर अजून अवघड. तिच्या पासपोर्टवरही इंदूर घालावं का, हे तिलाच ठरवू द्या. काही मुलींना माहेरचं मत सोडवत नाही. मला तरी सोडवलं नव्हतं. लग्नानंतर सात वर्षं माझं नाव नवसारीच्याच यादीत राहिलं होतं, ते चुकीचं होतं हे आता कळतंय.

---

माळव्याची लेक

मांडवीवाली, तुमचं वाचून सूनबाईला जसंच्या तसं पाठवलं. ती म्हणाली, "आई, मला बडोदाच ठेवायचं आहे." कारण विचारलं नाही. तिचे वडील दांडिया बाजारात त्याच शाळेत मत देतात जिथे ती शिकली, एवढं ती बोलता बोलता म्हणाली. मला ते पुरलं. नातू आता पाच वर्षांचा आहे, सहा दिवस जास्त थांबावं लागलं तर आम्ही आजी-आजोबा आहोतच.

---

माळव्याची लेक (साडेतीन महिन्यांनी)

मंडळी, हा धागा वर काढते, कारण मला इथे मदत मिळाली आणि पुढे काय झालं हे सांगणं मला लागतं.

डिसेंबरात कच्ची यादी लागली, त्यात मुलाचं नाव नव्हतं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी फोनवर आमच्या घराचा भाग उघडून मी दोनदा बघितला. आमची दोघांची नावं लागोपाठ, खाली लगेच शेजारच्यांची. सासूबाईही नाहीत आणि मुलगाही नाही, घर एकदम लहान झाल्यासारखं दिसलं.

मुलाने नूतनीकरणाचा अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसाने त्याला दोनदा सुचवलं की पत्ता इथलाच टाका, काम लवकर होईल. तो अडून राहिला. सुदामा नगरच्या घराचा पुरावा म्हणून यांच्या नावाचं वीज बिल आणि मुलाचं आधार मी स्कॅन करून पाठवलं. त्याच्या आधारवर सुदैवाने इंदूरचाच पत्ता होता. पडताळणीला पोलीस ठाण्यातून एक तरुण हवालदार आला, नाव विचारलं, फोटो बघितला. "भिया कब आ रहे हैं?" असं विचारून गेला. नवा पासपोर्ट मिळाला, शेवटच्या पानावर आमचं घर. त्याने त्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा यांनी चष्मा लावून पिनकोडसकट वाचला.

मग ६-अ. तीन पानं, तिन्हीवर सह्या, फोटो. विधानसभेचा क्रमांक माझ्या कार्डावरून बघून सांगितला. पोर्टल पहिल्या दिवशी व्हिसाचं पान चढवताना अडलं, प्रत जड होती, छोटी करून चढवली.

परवा संध्याकाळी त्याच बीएलओ मॅडम आल्या, या वेळी एकच कागद घेऊन. मुलाच्या पासपोर्टच्या प्रती त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. प्रत्येक पान मी नीट बघितलं, सहीसुद्धा जुन्या पासबुकातल्या सहीशी ताडून पाहिली. बँकेतली सवय, जात नाही. मग मी लिहून दिलं की हा माझा मुलगा, हे कागद त्याचे आहेत, हा पत्ता आमच्या घराचा आहे. सही केली तेव्हा हात अजिबात कापला नाही. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या भागात हा पहिलाच ६क आहे, त्यांनाही वरून विचारून घ्यावं लागलं.

जुनं कार्ड कपाटातून काढून त्यांच्याकडे दिलं. त्यावरचा फोटो तो एकोणीस वर्षांचा असतानाचा, मिसरूड जेमतेम फुटलेलं. देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला.

निर्णय त्याला टपालाने आणि एसएमएसने कळेल असं सांगितलंय. नायबसाहेब, किती दिवस वाट बघायची? आणि बडोद्याला व्याह्यांकडे सूनबाईच्या फॉर्मसाठी अजून कुणी आलेलं नाही. मांडवीवाली, तुमच्याकडे बीएलओ साधारण कोणत्या वेळी फिरतात ते कळवाल का? व्याही दुपारी झोपतात, दार वाजलेलं त्यांना ऐकू येत नाही.